दगड जागेवर आहे

खेडेगावात जमीन हलत नाही, दगड हलतो. नोकरीची सारी वर्षे भूमी अभिलेख खात्यात मोजणी करण्यात गेल्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दगड निर्जीव असतो असे शाळेत शिकवतात. पण श्रावणातल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री हद्दीचा दगड उठतो, शेजारच्या वावरात चार पावले चालून जातो आणि सकाळी असा निरागस चेहरा करून बसतो, की खापरपणजोबांनीच त्याला तिथे बसवला असावा. मग तक्रार, मग मोजणीची फी, मग आम्ही. नकाशा, टिपण आणि साखळी घेऊन बांधावर पोचलो की दोन्हीकडची मंडळी एका सुरात सांगायची, "साहेब, दगड जागेवर आहे." हे जो जास्त मोठ्याने सांगे, त्याच्या बाजूने आम्ही मोजायला सुरुवात करत असू.

निवृत्तीनंतर अशा माणसाला अमेरिकेत नेऊन काय दाखवावे, हा माझ्या भाच्यापुढचा पेच होता. उंच इमारत दिसली की मी प्लॉटची लांबी-रुंदी विचारतो. संग्रहालयात शिरलो की पहिली रिकामी खुर्ची शोधतो. भाचा राहतो शार्लटला. तिथून साउथ कॅरोलायनातले चार्ल्स्टन बंदर एका सकाळच्या प्रवासावर आहे. एका शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, उद्या तुम्हाला अशी जागा दाखवतो की तिथली मोजणी तुम्हालाही जमायची नाही." निवृत्त सरकारी माणसाला असे डिवचले की तो गुडघेदुखी विसरतो. पहाटे सर्वांत आधी बूट घालून मी दारात उभा होतो.

चार्ल्स्टन शहर देखणे आहे, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे. घोडागाड्या आहेत, रंगीबेरंगी जुन्या घरांची रांग आहे, जागोजाग तोफा आहेत. आमच्या हिला त्यातले एकच आवडले. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर बाहेरून लोखंडी चकत्या दिसतात. १८८६च्या ऑगस्टअखेर मोठा भूकंप झाला, तेव्हा हललेल्या भिंती धरून ठेवायला घरांमधून आरपार लोखंडी गज घातले आणि दोन्ही टोकांना बाहेरून चाक्या आवळल्या. "म्हणजे घराला नट-बोल्ट," ही म्हणाली, आणि पुढचे सारे शहर तिने चाक्या मोजत पाहिले. हा भूकंप पुढे पुन्हा यायचा आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

शहराच्या दक्षिणेला फॉली बीच नावाचे गाव असलेले बेट आहे. त्याच्या पूर्व टोकाला गाडी सोडून चालावे लागते. रस्ता जुन्या तटरक्षक तळाचा. तळ गेला, डांबर उरले, आणि त्या डांबरावर आता येणारे-जाणारे रंगाच्या फवाऱ्यांनी नावे लिहितात. बदाम, बाण, तारखा, सगळे यथासांग. "आपल्याकडे किल्ल्यांवर लिहितात, इथे रस्त्यावर," हिने तुलनात्मक अभ्यास मांडला, "हे बरे. निदान पायदळी तरी जाते." डोळ्यांना न दिसणारी चिलटे कडाडून चावत होती. रस्ता संपला, वाळू लागली, मुळांसकट उन्मळून पडलेली पांढरीफटक झाडे ओलांडली, आणि समोर खाडीच्या मुखापलीकडे, पाण्यात, नुसत्या पाण्यात, एक दीपगृह उभे होते.

खाली खडक नाही, बेट नाही, धक्का नाही. दीडशे फुटांहून उंच असा विटांचा मनोरा. एके काळी त्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे होते, आता ते विटकरी-मळकट झाले आहेत. आमची ही बराच वेळ कपाळावर हात धरून पाहत राहिली आणि म्हणाली, "इतक्या पाण्यात बांधायची काय गरज होती?" शेजारी उभ्या असलेल्या एका अमेरिकन आजीबाई आपल्या यजमानांना त्याच क्षणी अगदी हेच विचारत होत्या. आवाजातला रोखही तोच होता, जणू तो यजमानांनीच बांधला असावा. भाच्याच्या मुलीचे मत वेगळे होते. ती म्हणाली, "आजोबा, ते आधी जमिनीवर असेल. मग त्याला बोटी नीट दिसेनात, म्हणून ते चालत पाण्यात गेलं."

पोरीच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग तंतोतंत बरोबर होता.

मॉरिस आयलंडचे हे दीपगृह बांधले तेव्हा ते समुद्रापासून सुमारे १,२०० फूट आत, बेटाच्या कोरड्या जमिनीवर होते. आपल्या मुंबईच्या कुलाब्याबाहेरचा प्राँग्जचा दिवा १८७५चा, म्हणजे याच्याहून एका वर्षाने थोरला. पण प्राँग्जला पहिल्यापासून समुद्रातल्या खडकावर उभा केला, पाण्यातच राहायचे हे त्याला जन्मापासून ठाऊक. मॉरिस आयलंडच्या दिव्याला अशी कल्पना कोणी दिलेली नव्हती. तो जमिनीवर जन्मला, जमिनीवर वाढला आणि एक पाऊलही न हलता समुद्रात गेला. दगड होता तिथेच आहे. जमीन उठून गेली. माझ्या सगळ्या नोकरीत असा खटला आला नव्हता.

या बेटावर दिवा लावण्याची चाल मात्र फार जुनी. १६७३च्या सुमारास लोखंडी टोपलीत डांबर आणि काथ्या जाळून जहाजांना वाट दाखवत. १७६७ साली, इंग्रजांचे राज्य असताना, पहिला पक्का मनोरा बांधला. १८३८ साली १०२ फुटांचा दुसरा आला. मग यादवी युद्ध पेटले. चार्ल्स्टन दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या ताब्यात होते, आणि उत्तरेच्या आरमाराला दिव्याचा उपयोग होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच आपला मनोरा पाडून टाकला. जहाजे बुडू नयेत म्हणून बांधायचे आणि शत्रूची बुडावीत म्हणून पाडायचे. दीपगृहाला बिचाऱ्याला पक्ष नसतो.

युद्ध संपल्यावर तिसरा मनोरा उभारला तो मात्र मनापासून. वाळूचे बेट, म्हणून आधी २६४ लाकडी खांब जमिनीत पन्नास फूट खोल ठोकले, त्यावर आठ फूट जाडीचे काँक्रीट घातले, त्यावर विटांचा मनोरा. खर्च दीड लाख डॉलरच्या घरात गेला. १ ऑक्टोबर १८७६ रोजी दिवा लागला. वर फ्रेनेल भिंगांची पहिल्या दर्जाची, म्हणजे सर्वांत मोठ्या मापाची रचना होती. खाली राखणदार आणि त्याचे दोन मदतनीस यांच्या बिऱ्हाडांसाठी मोठे घर, कोठारे, कोंबड्यांची खुराडी आणि एक एकखोली शाळा. मास्तरीणबाई सोमवारी होडीतून येत आणि शुक्रवारी होडीतून परत जात. आठवडाभर शिकवायला मुले तीन घरची. कोकणात नोकरी केलेल्या कुठल्याही शिक्षकाने यावर उसासा टाकू नये. या बाईंना शनिवारची सकाळची शाळा नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता जमीन कोणी नेली ते सांगतो. आमच्या खात्याच्या भाषेत, कोणी बांध कोरला.

चार्ल्स्टनच्या बंदरात शिरताना तोंडाशी वाळूचा आडवा बार होता. ओहोटीला त्यावर जेमतेम अकरा-बारा फूट पाणी राही. जहाजे मोठी होऊ लागली तशी ती बाहेर भरतीची वाट बघत ताटकळू लागली. त्यावर उपाय निघाला तो असा, की बंदराच्या तोंडातून समुद्रात दोन लांबच लांब दगडी बांध टाकायचे, एक उत्तरेच्या सलिव्हन्स आयलंडकडून, दुसरा दक्षिणेला मॉरिस आयलंडकडून. दोहोंमधून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडेल आणि स्वतःच बार कोरून काढेल. १८७८ साली काम सुरू झाले. दिवा लागला १८७६ साली. मधे फक्त दोन वर्षे. दिव्याचे काम सरकारच्या अर्थखात्याखालच्या दीपगृह मंडळाचे आणि बांधाचे काम युद्धखात्याच्या अभियंत्यांचे. एका खात्याने रस्ता करावा आणि डांबर वाळायच्या आत दुसऱ्याने तो पाइपासाठी खणावा, ही कला आपलीच असे मी समजत होतो. त्या बाबतीत माझा स्वदेशाभिमान चार्ल्स्टनला गळून पडला.

बांधांची योजना करणारे अभियंते होते क्विन्सी गिलमोर. हे नाव या बेटाला नवे नव्हते. १८६३ साली हेच गिलमोर उत्तरेच्या फौजेचे सेनापती म्हणून मॉरिस आयलंडवर उतरले होते. बेटाच्या उत्तर भागात वॅगनर नावाची गढी होती. १८ जुलैच्या संध्याकाळी तिच्यावर जो हल्ला झाला त्याच्या आघाडीला ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण होती, कृष्णवर्णीय शिपायांची. त्या पलटणीचे कितीतरी लोक वाळूत पडले, त्यांचा तरुण गोरा कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच मेला आणि त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. विल्यम कार्नी नावाच्या सार्जंटाने जखमी अवस्थेत निशाण सांभाळून परत आणले. त्याबद्दलचे सर्वोच्च लष्करी पदक त्याला मिळाले १९०० साली, सदतीस वर्षांनी. 'ग्लोरी' हा चित्रपट याच हल्ल्यावर आहे. मी तो परत आल्यावर पाहिला आणि त्यात वाळूकडे जरा जास्तच पाहिले असे भाचा म्हणतो. कारण ती वाळू आता नाही. वॅगनरची मूळ जागा बहुतेक समुद्राने घेतली आहे. गिलमोरच्या तोफांना जी गढी घ्यायला उन्हाळा सरला, ती पुढे त्याच्याच नकाशातल्या बांधांमुळे पाण्यात जावी, याला काय म्हणावे हे मला सुचले नाही. बांध पुरे झालेले पाहायला ते स्वतः राहिले नाहीत. १८८८ साली ते वारले, आणि काम संपायला पुढची आणखी काही वर्षे लागली.

बांधांनी आपले काम चोख केले. बार कापला गेला, मोठी जहाजे बिनधास्त आत येऊ लागली. पण या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असते. लाटा तिला रोज थोडी-थोडी ढकलत नेतात. उत्तरेचा बांध आडवा आल्यावर ती वाट बंद झाली. मॉरिस आयलंडसमोर जे उथळ वाळूचे पट्टे लाटांचा मार खात उभे होते, तेही नव्या प्रवाहात विस्कटले. जुनी वाळू जात राहिली, नवी येईना. उत्पन्न बंद आणि खर्च चालू असलेल्या घराचे जे होते ते बेटाचे झाले.

उत्तरेला सलिव्हन्स आयलंडवर मात्र जमीन वाढली. किनारा पुढे सरकला, त्या नव्या जमिनीवर झाडी माजली, आणि आता मागच्या घरांतले काही लोक म्हणतात की झाडे तोडा, आम्हाला समुद्र दिसत नाही, तर काही म्हणतात की झाडे राहू द्या, वादळात तीच वाचवतील. वाद बरीच वर्षे चालला आहे. हे ऐकून मला घरी आल्यासारखे वाटले. आपल्याकडे महसूल कायद्यात नदीने जमीन धुऊन नेली तर सारा कमी करून मिळण्याची आणि मळई पडली तर तिचे काय करायचे याची कलमे आहेत. इंग्रजांनी घातली, आपण १९६६च्या संहितेत ठेवली. एका शेतकऱ्याची गेलेली माती दुसऱ्याच्या काठाला लागते आणि तिथे कलिंगडे पिकतात. ज्याची गेली तो पैलतीरावर उभा राहून ती कलिंगडे बघतो. मॉरिस आयलंडला पैलतीरावर उभे राहून बघायला नजर नव्हती एवढेच.

नाही म्हणायला, एक होती.

दुपारी आम्ही बोटीतून दीपगृहाला वळसा घातला. मनोऱ्यावर उतरू देत नाहीत आणि उतरायला जागाही नाही. बोटवाला सत्तरीचा, उन्हाने रापलेला, आणि रोज तेच सांगूनही न कंटाळलेला असा विरळा गृहस्थ होता. जवळ गेल्यावर मनोरा अंगावर आल्यासारखा वाटतो. वर गॅलरीच्या गजांवर पाणपक्षी ओळीने बसले होते आणि त्यांनी भिंतीचे रंगकाम स्वतःकडे घेतले होते. मी एक डोळा मिटून, हातातल्या चष्म्याची दोरी खाली सोडून पाहिली. मनोरा ओळंब्यात नाही. किंचित कललेला आहे. बोटवाल्याने माझ्याकडे पाहून विचारले, "इंजिनिअर?" मी म्हणालो, "नाही, मोजणी." त्याने आदराने टोपी उचलली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी टोपी उचलणारा हा पहिलाच खातेदार.

त्याच्या बोलण्यातून त्या मनोऱ्याच्या अंगावरच्या एकेक खुणा उलगडत गेल्या. १८८५ साली चक्रीवादळ येऊन गेले. दुसऱ्याच वर्षी, आमच्या हिच्या नट-बोल्टवाला भूकंप. त्याने मनोऱ्याला दोन जागी तडे पाडले आणि वरची भिंगे जागची हलवली. ती नीट बसवून दिवा पुन्हा चालू केला. पण भूकंप येऊन जातो. वाळू येऊन जात नाही, ती नुसती जाते. हळूहळू भोवतीच्या इमारतींच्या उंबऱ्याशी पाणी आले. १९३८ साली समुद्र थेट मनोऱ्याला टेकला. राहणे धोक्याचे झाले म्हणून राखणदार उठले, घर मोडून काढले, मोठे भिंग उतरवले आणि दिवा आपोआप लागेल-विझेल अशी सोय केली. बुंध्याभोवती पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली. शाळाही गेली. सोमवारी होडीतून आलेल्या बाईंना शिकवायला मुले सोडाच, अंगणच उरले नव्हते.

मग उघड्या पडलेल्या पायाकडे किडे वळले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे. कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा, तो लाटेपेक्षा या किड्याला जास्त शिव्या देईल. जमिनीत पुरलेले होते तोवर ते २६४ खांब शंभर वर्षे काय, दोनशे वर्षेही टिकले असते. वाळूने अंगावरचे पांघरूण काढल्यावर त्यांची डोकी खाल्ली जाऊ लागली. मनोऱ्याला लाटांनी पाडले असते तर त्यात काही भव्यता तरी होती. बोटभर किड्याच्या हाताने मरण म्हणजे फारच झाले.

१९६२ साली दिवा कायमचा विझवला. समोर, त्या वाळूने गब्बर झालेल्या सलिव्हन्स आयलंडवर, नवे दीपगृह झाले होते. तिकोनी, पोलाद-काँक्रीटचे, १४० फूट उंच. त्यात लिफ्ट आहे. सुरुवातीला त्याचा झोत इतका प्रखर होता की पुढे तो कमी करावा लागला. बोटीतून ते दिसते. काळे-पांढरे, सरळ, ताठ, ओळंब्यात. मला त्याच्याविषयी वैयक्तिक आकस नाही. पण दीपगृहाला लिफ्ट म्हणजे पर्वतीला सरकता जिना. सोय होते, दर्शन होत नाही.

यानंतर जुन्याचे काय, हा सरकारी प्रश्न. पाडायचे ठरत होते, लोकांनी अर्ज-विनंत्या करून थांबवले. १९६५ साली ते लिलावात विकले गेले, ३,३०३ डॉलर आणि वर ३ सेंटना. ते ३ सेंट कसे निघाले असतील यावर मी बोटीत बराच विचार केला. कोणीतरी ३,३०३ म्हटले असणार आणि कोणीतरी मागच्या बाकावरून उठून वर ३ सेंट टाकले असणार. लिलाव मी पाहिले आहेत. माणसे अशीच असतात. पुढे मालक बदलत गेले. अखेर १९९९ साली गावकऱ्यांच्या एका संस्थेने ते ७५,००० डॉलरना घेतले, राज्याच्या नावावर केले आणि ९९ वर्षांच्या पट्ट्याने स्वतःकडे सांभाळायला परत घेतले. म्हणजे पाण्यातल्या वास्तूचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा. चतुःसीमा काय लिहिल्या असतील? पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र. असा निर्वाद दस्त मी आयुष्यात पाहिला नाही. शेजारी कोणीच हरकत घेणार नाही आणि एकमेव शेजारी आहे तो नोटीस घेत नाही.

त्या लोकांनी पैसे जमवले आणि कामही केले. २००८च्या आसपास बुंध्याभोवती नवे भक्कम पोलादी कडे घातले, आणि २०१०मध्ये जुन्या पायातून आरपार नवे बारीक खांब खाली उतरवले, किड्यांना दात लागणार नाही असे. मनोरा सरळ केला नाही. कललेला आहे तसाच पक्का केला. मला हे फार पटले. आमच्या वाड्याची दुरुस्ती करणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगत आलो, पण त्यांना भिंत सरळ करायचीच असते आणि ती मग पडतेच.

"पण कशाला?" भाच्याने विचारले. तो संगणकवाला. उपयोग संपलेली वस्तू काढून टाकायची असते, असे त्याचे शिक्षण. दिवा नाही, भिंग नाही, वर जाता येत नाही, आत बघता येत नाही, जहाजे त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मग लाखो डॉलर कशाला घालायचे?

त्याला सांगितले ते इथेही सांगतो, कारण बाकी विषयांत माझे मत कोणी विचारत नाही. समुद्र जमीन नेतो तेव्हा मागे खूण ठेवत नाही. पावसाने घळ पाडली तर दिसते, नदीने काठ कापला तर कडा दिसते. किनारा मागे सरकतो तो नव्या जागी अगदी पूर्वीसारखाच दिसतो. तीच वाळू, त्याच लाटा, तेच शिंपले वेचणारे लोक. पाहणाऱ्याला वाटते हा असाच होता. रत्नागिरीकडे असताना म्हातारी माणसे मला लाटांमध्ये बोट दाखवून सांगत, "तिथे आमचा माड होता." मला पाणी दिसे. त्यांना माड दिसे. दोघांमध्ये काही मोजता येत नसे, कारण मोजायला लागतो एक न हललेला बिंदू. मॉरिस आयलंडवरून इतकी माणसे गेली, तोफा गेल्या, गढी गेली, शाळा गेली, आणि कुठून कुठवर गेले हे आज सांगता येते ते केवळ हा एक मनोरा जागचा हलला नाही म्हणून. तो पडला तर पाणी मागे काही ठेवणार नाही. एका पिढीत लोक म्हणतील, इथे समुद्रच होता.

भाचा गप्प बसला. पटले म्हणून नव्हे, बोट हलत होती म्हणून.

अमेरिकन सरकारलाही हा हिशेब शेवटी मान्य करावा लागला, ही यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. फॉली बीचचा किनारा झिजतो त्याला मोठ्या अंशी ते बांध जबाबदार आहेत, असे त्यांच्याच अभियंत्यांच्या पाहणीत निघाले. तेव्हापासून तिथे समुद्रातून उपसून वाळू आणून टाकतात आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलते. वाळू टाकायची, समुद्राने न्यायची, पुन्हा टाकायची. बांध कोरणाऱ्याने दरवर्षी येऊन शेजाऱ्याला पाटीभर माती द्यावी, असा निवाडा मी कुठल्याही तहसील कचेरीत ऐकलेला नाही.

परतताना फॉली रोडवर बोटवाल्याने सांगितलेली जागा पाहिली. तिथे आता काही नाही. १९८९च्या ह्यूगो वादळाने एक बेवारशी होडी उचलून या रस्त्याच्या कडेला आणून टाकली होती. कोणी ती हलवली नाही. लोक तिच्यावर रंगाने वाढदिवस, बारशी, लग्नाच्या मागण्या लिहू लागले. आज लिहिले की उद्या त्यावर दुसऱ्याने रंग मारायचा, असा रिवाज. तब्बल अठ्ठावीस वर्षे ती जमिनीवर होती. २०१७ साली इर्मा वादळाच्या भरतीने ती पुन्हा तरंगली आणि जाऊन कोणाच्या तरी खाजगी धक्क्याला लागली. दीपगृह समुद्रात आणि होडी रस्त्यावर, असे या गावाने इतकी वर्षे बिनतक्रार चालवून घेतले. मनोऱ्यावर वादळाने काही परिणाम झाला का, असे मी बोटवाल्याला विचारले होते. "कुठल्या?" तो म्हणाला. ह्यूगो, इर्मा आणि मधली सगळी त्याच्या तोंडात एकाच दमात आली.

संध्याकाळी खाडीकाठच्या हॉटेलात कोळंबी खात बसलो. हिला मसाला कमी वाटला. तो तिला महाराष्ट्राबाहेर सर्वत्र कमी वाटतो. समोर पाणी, पाण्यापलीकडे घरांचे दिवे. भाचा एकदम म्हणाला, "मामा, इकडे एखादा छोटा प्लॉट घेऊन ठेवावा का? पुढेमागे घर बांधता येईल. तुम्ही जमिनीतले. काय म्हणता?"

मी नकाशा मागितला. हॉटेलवाल्याने पर्यटकांसाठी ठेवलेला, कोळंबीच्या चित्राचा नकाशा दिला. त्यावर मी चष्मा पुसून उत्तर-दक्षिण लावत होतो, तोवर आमच्या हिने लिंबू पिळत उत्तर दिले.

"बांधाच्या उत्तरेला घे. दक्षिणेकडच्या लोकांची वाळू तिकडेच अडकून पडली आहे."